वॉरंटी संपलेल्या गाडीचे सर्व्हिसिंग: घरी करावे की गॅरेजला द्यावे?

वाकडचा_वाटसरू (धागाकर्ता)

माझ्याकडे १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी आहे. तिची वॉरंटी संपली आहे आणि वर्षाकाठी तिचे धावणे दहा हजार किलोमीटरच्या आतबाहेर असते. यंदा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून आलेले एस्टिमेट मी शेजारी मॅन्युअल उघडून ओळीओळीने तपासले आणि त्यानंतर हे काम घरीच करायचे ठरवले. तो हिशेब येथे मांडत आहे, कारण या विषयावर बोलणारे लोक एकतर 'शोरूमवाले लुटतात' म्हणून मोकळे होतात किंवा 'नको ती उठाठेव' म्हणून विषय झटकतात, आणि पैसे नेमके कुठे जातात हे कोणीच सांगत नाही.

मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीला या टप्प्यावर लागणारे काम थोडे आहे. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, ड्रेन नटचा वायसर नवा घालायचा, एअर फिल्टर साफ करायचा, एसीचा फिल्टर पाहून गरज असल्यास बदलायचा, आणि ब्रेक पॅड, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, बेल्ट, टायर व सस्पेन्शन नुसते तपासायचे. एस्टिमेटमध्ये मात्र याखेरीज इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण आणि आतल्या प्लास्टिकला चकाकी आणण्याचा एक प्रकार होता. यांपैकी एकही बाब मॅन्युअलच्या तक्त्यात नाही, आणि एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या चार ओळींचा होता. मी त्या काढायला सांगितल्या असत्या तर त्यांनी काढल्याही असत्या. म्हणजे घरी काम करून मी जे वाचवले, त्यातला मोठा भाग फोनवर 'नको' म्हणूनही वाचला असता.

उरलेल्या रकमेचे पाहू. ऑइल आणि फिल्टर मी नाना पेठेतून आणले. छापील किमतीवर थोडी सूट मिळाली, तेवढाच मालावरचा फायदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. परंतु हा कर दुकानातही द्यावा लागतो आणि सर्व्हिस सेंटरमध्येही, त्यामुळे त्यात घरचे आणि बाहेरचे असा फरक पडत नाही. खरी बचत मजुरीची आणि मजुरीवरच्या १८ टक्क्यांची आहे. त्या बदल्यात मला गोटी पान्यांचा सेट, फिल्टर काढायचा पाना, टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येतो तो), दोन जॅक स्टँड आणि ऑइल धरायला पसरट भांडे घ्यावे लागले, आणि हा खर्च दोन-तीन सर्व्हिसिंगनंतरच भरून निघेल. आपल्याकडे मजुरी अजून स्वस्त आहे, हे या हिशेबातले न बोललेले वाक्य आहे.

तरीही मला हे काम घरी करावेसे वाटते, कारण गाडीत काय गेले याची खात्री राहते. माझ्या इंजिनाला पातळ प्रतीचे ऑइल सांगितले आहे, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात पिंपातून २०डब्ल्यू-४० हे जाड ऑइल ओतले जाण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. जुना ऑइल फिल्टर नुसता पुसून तसाच ठेवल्याचे प्रकारही सर्वांनी ऐकले असतील. प्रत्यक्ष कामात अवघड काही नव्हते. इंजिन थोडे चालवून ऑइल कोमट केले, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना दगड लावले, ड्रेन नट सोडला, फिल्टरच्या रबरी कडीला नव्या ऑइलचे बोट फिरवून तो हाताने घट्ट केला आणि ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये येईपर्यंत भरले.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की घरी काम करणाऱ्याने नेमके कुठे थांबावे? आणि काढलेल्या जुन्या ऑइलचे काय करावे? ते सध्या डब्यात भरून गॅलरीत ठेवले आहे आणि घरातून त्यावर रोज टिप्पणी होते.

जुना_पद्मिनीवाला

वाटसरू, तुमचा हिशेब वाचला. आमच्या काळी हा प्रश्नच पडत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली पद्मिनी ज्याच्या दारात असे, त्याला पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची, गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्याने) लावणे, प्लग खरवडणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करणे आणि पुढच्या एक्सलच्या निपलांना ग्रीस गनने ग्रीस भरणे यावेच लागे, कारण ते येत नसेल तर खंडाळ्याचा घाट चढताना कोणाची तरी मदत मागावी लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तरी तिच्यातही कार्ब्युरेटर होताच. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शन आले, आणि मालकाने हाताने 'लावायच्या' गोष्टी एकेक करून नाहीशा झाल्या.

लोक म्हणतात की आजच्या गाड्या संगणकावर चालतात, म्हणून घरी काही करता येत नाही. माझे मत नेमके उलट आहे. पॉइंट लावायला कान आणि सराव लागत असे. ऑइल-फिल्टर बदलायला मॅन्युअल आणि टॉर्क पाना पुरतो. आज जे सर्व्हिसिंग उरले आहे ते बहुतांशी बदलण्याचे आहे, आणि बदलणे शिकता येते.

पण आणखी एक फरक आहे आणि तो तुमच्या विरुद्ध जातो. पद्मिनी तक्रार करत असे. प्लग काळा पडला की ती धक्के देई, मिक्श्चर बिघडले की काळा धूर सोडी. आजच्या गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सेन्सर वाचून पेट्रोल कमी-अधिक करतो आणि बराच काळ बिघाड सांभाळून घेतो, त्यामुळे चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. तेव्हा घरी काम करायचे असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे त्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला, लावायचा साधा रीडर घ्या. तोच आजचा फिलर गेज. कूलंटचे तापमान, मिसफायर, ईसीयू इंधनात करत असलेला फेरबदल आणि गाडी चालू असतानाचा बॅटरीचा व्होल्टेज एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर बहुतेक गाड्यांचा अल्टरनेटर ठीक समजावा. नव्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी करतात, त्यांना हा नियम लावू नये.

रेवती_नाशिक

धागाकर्त्यांनी 'वॉरंटी संपलेली' हा शब्द शीर्षकातच घातला हे बरे केले, कारण त्यावर सगळे अवलंबून आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकाने, म्हणजे मारुती सुझुकीने, जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटरवर नेली, आणि पैसे भरून ती सहा वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरपर्यंत वाढवता येते. तोपर्यंत नियतकालिक सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी, वेळेत, नोंदीसह झालेले असावे अशी अट असते. त्या काळात घरी ऑइल बदलून हजार-दीड हजार वाचवणे आणि उद्या इंजिनाचा दावा नाकारायला आयते कारण हाती देणे हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

वॉरंटीनंतर मात्र ग्राहक मोकळा असायला हवा, आणि तो तसा नव्हता हे कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या आपले अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा तो ठपका होता. त्या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली, परंतु प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. तरीही माझ्या अनुभवात भाग मिळतात, माहिती मिळत नाही. टॉर्कचे आकडे शोधायला आजही परदेशी मालकांच्या चर्चा धुंडाळाव्या लागतात.

दुसरा मुद्दा डिझेलचा. माझी गाडी बीएस ६ डिझेल आहे, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना वाटसरूंचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. बहुतेकींच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी धरून जाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. त्याला कमी राख सोडणारे विशिष्ट प्रतीचे ऑइलच चालते. साधे स्वस्त ऑइल घातले तर जळल्यावर उरणारी राख त्या फिल्टरमध्ये कायमची साचते, आणि तो बदलायची वेळ आली तर आयुष्यभराच्या सर्व्हिसिंगची बचत एका बिलात निघून जाते. शिवाय शहरातल्या छोट्या फेऱ्यांत काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट राहिली तर जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढते. म्हणून डिझेलवाल्यांनी ऑइल घरी बदलले नाही तरी चालेल, डिपस्टिक मात्र दर आठवड्याला घरीच काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिसच्या तारखेची वाट पाहू नये.

देवगडकर

पुण्या-नाशिकच्या लोकांचा हा निवडीचा प्रश्न आहे. आमच्याकडे तो अंतराचा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचे तर देवगडहून सकाळी निघून कुडाळ किंवा रत्नागिरी गाठावे लागते, दिवसभर तिथे बसून राहावे लागते आणि संध्याकाळी परत यावे लागते. त्या फेरीचे पेट्रोल आणि बुडालेला दिवस धरला तर घरच्या अंगणात केलेले सर्व्हिसिंग निम्म्याने स्वस्त पडते.

मात्र कोकणात वेळापत्रक किलोमीटरवर ठेवून चालत नाही, ते पावसावर ठेवावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस मी वायपरचे रबर, दारांच्या खालच्या कडांची पाणी वाहून जायची भोके, बोनेटखाली काचेपाशी साचलेला पाला आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी एवढे आधी पाहतो. टर्मिनल काढताना वजा बाजू आधी आणि लावताना शेवटी, हे मात्र विसरू नये. खाऱ्या हवेने ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचे सांधे गंजतात, ते गाडीखाली वाकून टॉर्चच्या उजेडात वर्षातून दोनदा पाहावेच लागतात. पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर आम्ही हँडब्रेक ओढून ठेवत नाही, कारण मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो.

आणि उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यात भाताचा पेंढा आणि सुपारीची साले सापडणे येथे नवलाचे नाही, आणि वर्षातून एकदाच बोनेट उघडणाऱ्या माणसाला ते कळते तोवर वायरिंग कुरतडून झालेले असते. गॅरेज कितीही उत्तम असले तरी ते गाडी वर्षातून एक दिवस पाहणार.

उद्यमनगरचा_मिस्त्री

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, तेव्हा माझे बोलणे धंद्याचे वाटले तरी ऐकून घ्यावे. वाटसरूंनी टॉर्क पाना विकत घेतला हे वाचून समाधान वाटले. घरी काम केलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींचा आजार एकच असतो: चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे, ड्रेन नट बसतो तिथले आटे गेलेले असतात. आजच्या अनेक इंजिनांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि नट लोखंडी. गळू नये म्हणून माणूस लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून जोर करतो, आणि आटे नटाचे जात नाहीत, चेंबरचे जातात. मग मोठ्या मापाचे आटे पाडून किंवा आत नवी स्प्रिंग-आट्याची कडी बसवून काम भागवावे लागते. उद्यमनगरात ही कामे करणारे कुशल कारागीर पुष्कळ आहेत, पण त्यांच्यापर्यंत यायची वेळ का आणावी? नट नव्या वायसरसह मॅन्युअलमधल्या आकड्यावर घट्ट करावा आणि हात थांबवावा. ऑइल फिल्टरचेही तेच. रबर टेकल्यावर फिल्टरवर छापलेला भाग फिरवावा, बहुधा पाऊण फेरा, आणि पाना बाजूला ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाटसरूंच्या यादीत 'नुसते तपासायचे' असे एक अर्धे वाक्य आहे. माझ्या मते सर्व्हिसिंगची किंमत त्या अर्ध्या वाक्यात आहे. ऑइल बदलणे हे गॅरेजमधल्या सगळ्यात नव्या पोराला देण्याचे काम आहे. गाडी लिफ्टवर गेल्यावर ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटून ग्रीस रिमवर उडाले आहे का, लोअर आर्मचा बुश (सांध्यातले रबर) सुटला आहे का, शॉकॲब्सॉर्बर ओला आहे का, आतल्या बाजूचा ब्रेक पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला आहे का, टायरची आतली कड खाल्ली गेली आहे का, हे पाहणारा डोळा तयार व्हायला वर्षे लागतात. फाटलेले बूट वेळेत दिसले तर काही शेकड्यांत काम होते. दिसले नाही तर आत धूळ-पाणी जाऊन सांधाच जातो आणि बिल हजारांत होते. जॅक स्टँडवर पुढून उचललेल्या गाडीखाली पाठीवर पडून मोबाइलच्या उजेडात हे सगळे दिसत नाही, आणि जे दिसते त्यातले बिघडलेले कोणते हे ओळखता येत नाही.

पण यात आमच्या धंद्याचीही एक अडचण आहे आणि ती मान्य करतो. नुसते पाहण्याचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाईक ऑइलचे पैसे देते, फिल्टरचे देते, मजुरीवर घासाघीस करते. त्यामुळे आम्ही पाहण्याची मजुरी सुट्या भागांच्या नफ्यात बसवतो. गिऱ्हाईक स्वतःचे ऑइल आणि भाग घेऊन आले की तो नफा जातो, मजुरी मात्र जुनीच मागितली जाते, आणि मग मिस्त्री गाडीखाली जास्त वेळ थांबत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हीच अडचण दुसऱ्या रूपात दिसते: ॲडव्हायझरला रोजच्या बिलाचे लक्ष्य दिलेले असते, म्हणून तुमच्या एस्टिमेटमध्ये फ्लशिंग येते.

वाकडचा_वाटसरू (धागाकर्ता)

मिस्त्रीसाहेब, हा मुद्दा माझ्या हिशेबात अजिबात नव्हता. मी मजुरीची किंमत कामाच्या मिनिटांत मोजत होतो. आता प्रश्न असा उरतो की जो पाहतो त्यालाच दुरुस्तीतून पैसे मिळणार असतील, तर त्याने 'बुश गेला' म्हटल्यावर तो खरोखर गेला आहे हे मी कसे ठरवावे?

श्टुटगार्टकर

वरच्या प्रश्नावर जर्मनीतली पद्धत सांगण्यासारखी आहे. येथे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. ती टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या संस्थांचे अभियंते करतात, आणि त्या तपासणीचा दुरुस्तीशी आर्थिक संबंध नसतो. ब्रेक रोलरवर मोजले जातात, सांधे हलवून पाहिले जातात, गंज टोकरून पाहिला जातो आणि दोष लेखी मिळतात. तो कागद घेऊन गॅरेजात जायचे की स्वतः काम करायचे हे मालक ठरवतो. स्वतः करणाऱ्यांसाठी तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या कार्यशाळाही असतात. तिथे हत्यारे मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी अडल्यास विचारायला एक अनुभवी माणूस असतो. येथे मजुरीचा दर इतका चढा आहे की पॅड-डिस्क स्वतः बदलणारे शिक्षक आणि कारकून मी पाहिले आहेत.

जुन्या ऑइलचा प्रश्नही येथे कायद्याने सोडवला आहे. इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानाला ग्राहकाने घेतले तेवढेच जुने ऑइल विनामूल्य परत घ्यावे लागते, म्हणून लोक पावती जपून ठेवतात. त्याची दुसरी बाजू अशी की रस्त्यावर ऑइल बदलायला पाणी-संरक्षणाचे नियम आड येतात. भारतात सुट्टीवर आलो की नातेवाईकांच्या पार्किंगमध्ये फरशीवर पसरलेले काळे डाग पाहून मला हे आठवते.

सोसायटीचा_सचिव

डागांचा उल्लेख झालाच आहे तर आमची बाजूही मांडतो. बऱ्याच गृहनिर्माण संस्थांमध्ये पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामे करायला मनाई असते आणि सभासदांना ती जाचक वाटते. परंतु तळमजल्याच्या पार्किंगची जाळी थेट पावसाळी गटारात उघडते, आणि तिथे गेलेले ऑइल ओढ्या-नाल्यांतून नदीत जाते. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. ही साखळी अजून गॅरेज आणि कारखान्यांपुरतीच दिसते. घरी तीन-साडेतीन लिटर काढणाऱ्या माणसाला आमच्या भागात ते द्यायला अधिकृत जागा सापडत नाही. भंगारवाले ते आनंदाने नेतात, पण पुढे ते सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते किंवा भट्टीत जाळले जाते. वाटसरूंनी डबा गटारात न ओतता गॅलरीत ठेवला, याबद्दल सचिव म्हणून आभार मानतो.

देवगडकर

आमच्याकडे काळे ऑइल वाळवी लागू नये म्हणून मांडवाच्या खांबांना आणि वईच्या (कुंपणाच्या) काठ्यांना लावतात. सचिवांचे वाचून ती सवय विहिरीजवळ तरी बंद करावी असे वाटते.

उद्यमनगरचा_मिस्त्री

ऑइलचे उत्तर सोपे आहे. ज्या गॅरेजचे जुने ऑइल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणारा घेऊन जातो, तिथे डबा नेऊन द्यावा. आधी विचारावे, कारण सगळ्यांची तशी व्यवस्था नसते. ऑइलमध्ये कूलंट, पेट्रोल किंवा पाणी मिसळू नये, मिसळलेले कोणी घेत नाही. फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवून निथळावा आणि तोही सोबत द्यावा. कूलंट वेगळ्या डब्यात झाकून ठेवावे; ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात.

रेवती_नाशिक

'कुठे थांबावे' याचे उत्तर अजून कोणी स्पष्ट दिलेले नाही, म्हणून माझी रेषा सांगते. जे चुकल्यावर गाडी जागेवर उभी राहते ते घरी करावे. जे चुकल्यावर गाडी थांबत नाही ते करू नये. ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी, वायपर, दिवे, फ्यूज हे पहिल्या प्रकारातले. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन हे दुसऱ्यातले.

ब्रेक ऑइलचे विशेष सांगावेसे वाटते, कारण ते 'नुसते ऑइल' समजून लोक वरून भर घालतात. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरले तर जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जाते. म्हणून बहुतेक मॅन्युअल दर दोन वर्षांनी तो बदलायला सांगतात, आणि नेमकी हीच ओळ कित्येक बिलांत नसते. चकाकी असते, फ्लशिंग असते, ब्रेक ऑइल नसते. ते बदलताना हवा काढावी लागते आणि काही गाड्यांच्या एबीएसमध्ये अडकलेली हवा काढायला स्कॅनर लागतो, त्यामुळे हे काम मी गॅरेजलाच देते, पण मागून करून घेते. पॅडची जाडी मात्र चाकाच्या फटीतून घरीच पाहता येते.

याशिवाय पिवळ्या वायरी एअरबॅगच्या आणि नारिंगी केबल हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जास्त व्होल्टेजच्या असतात. त्यांना हात लावूच नये.

जुना_पद्मिनीवाला

रेवतीताईंच्या रेषेत एक भर घालतो. काम कोणतेही असो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो.

वाकडचा_वाटसरू (धागाकर्ता)

श्टुटगार्टकरांची पद्धत वाचून मी आपल्याकडचे नियम आठवून पाहिले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेसची तपासणी त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी होते. मधल्या काळात सक्तीची एकच चाचणी म्हणजे पीयूसी, आणि ती फक्त धूर पाहते. म्हणजे पंधरा वर्षे गाडीचे ब्रेक आणि सांधे कोणी पाहावेत अशी कायद्याची अपेक्षाच नाही. ते काम सर्व्हिसिंगच्या बिलातल्या त्या अर्ध्या वाक्यावर सोडले आहे. मी घरी ऑइल बदलतो तेव्हा तेवढेही होत नाही.

तेव्हा मिस्त्रीसाहेब, थेट विचारतो. ऑइल आणि फिल्टर मी घरी बदलीन. वर्षातून एकदा गाडी तुमच्यासारख्या माणसाकडे नेऊन नुसती पाहून घ्यायची असेल, दुरुस्ती तुमच्याकडे करण्याची हमी न देता, तर त्याचे किती पैसे घ्याल आणि कशा अटीवर?

उद्यमनगरचा_मिस्त्री

एका तासाच्या मजुरीइतके पैसे घेईन, आणि ते आधी ठरवून. दुरुस्ती माझ्याकडे केली तर त्यातून वजा करणार नाही, कारण वजा केले की मला दोष शोधण्याचा मोह होईल. जे सापडेल ते कागदावर लिहून देईन: आत्ता करायचे, सहा महिन्यांत करायचे, आणि फक्त लक्ष ठेवायचे. बुश गेला आहे असे म्हटले तर टॉमी लावून तुमच्यासमोर हलवून दाखवीन. दोष दाखवता येत नसेल तर तो तुम्ही मानू नका, माझ्याकडे असो वा दुसरीकडे.

अटी दोनच आहेत. गाडी आदल्या संध्याकाळी आणून रात्रभर उभी ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनाच्या पहिल्या स्टार्टचा आवाज ऐकता येतो आणि कूलंटची टाकी उघडून पाहता येते. दुसरी अट लोकांना विचित्र वाटते. आणण्याआधी गाडी धुऊ नये, निदान खालून आणि बोनेटखाली तरी नाही. गळती कुठून सुरू झाली हे धुळीवर चढलेल्या ओल्या डागावरूनच कळते, आणि वॉशिंग सेंटरमधून थेट आलेल्या गाडीखाली मला काहीच दिसत नाही.

रेवती_नाशिक

डीपीएफवाल्या डिझेलची अशी तपासणी करता का? करत असाल तर तीत फिल्टरमधल्या काजळीचे आणि राखेचे आकडे स्कॅनरवर वाचून लिहून द्याल का?

उद्यमनगरचा_मिस्त्री

करतो. काजळीचा आकडा बहुतेक गाड्यांवर वाचता येतो, राखेचा काहींवरच येतो. येताना आधी निदान अर्धा तास हायवेने गाडी चालवून आणलीत तर काजळीचा आकडा खोटा कमी दिसेल, म्हणून नेहमीच्या वापरातलीच आणा. आणि डिपस्टिकची पातळी घरून निघण्यापूर्वी, सपाट जागेवर पाहून लिहून ठेवा.